छतावर कोणीच नसतं

समजा, तुम्हाला साडेपाच मीटर उंचीच्या एका छतावर बसायचं आहे. छत घराचं नाही, रथाचं. घर एका जागी उभं राहतं हा त्याचा केवढा मोठा गुण आहे, हे तुम्हाला इथे चढल्यावरच कळेल. खाली चार टनांचा लाकडी रथ. त्याची चारही चाकं फक्त सरळ जाणारी, कारण तो घडवणाऱ्या सुताराला वळण ही कल्पनाच मान्य नव्हती. पुढे दोन दोर, दोरांना सत्तर माणसं, आणि त्या सत्तरांच्या पोटात सकाळी आठपासून साके, म्हणजे तांदळाची दारू. तुम्ही छताच्या कण्यावर घोड्यावर बसावं तसे दोन्हीकडे पाय टाकून बसला आहात. हातात तीन मीटरचा बांबू, त्याच्या टोकाला बेचकं. समोरून तार येते, नेमकी तुमच्या गळ्याच्या उंचीवर. ती बेचक्यात धरायची, उचलायची, डोक्यावरून पलीकडे न्यायची आणि अलगद सोडायची. सोडताना घाई केलीत, तर तार थरथरते आणि दंतवैद्याच्या घरातला टीव्ही बंद पडतो. मग पुढची तार. आमच्या आमियाचो मोहल्ल्यापासून बंदराच्या धक्क्यापर्यंत अशा एकशे सदतीस.

आणि हे सगळं करत असताना तुम्ही तिथे नसता.

हा नियम नीट समजून घ्या, कारण शिओनोत्सु गाव याच नियमावर चालतं. रथात एबिसु देव बसलेला असतो, हातात मासा धरून, हसत. देवापेक्षा उंच कोणी बसायचं नाही. जत्रेच्या दिवशी रस्त्यावरच्या सगळ्या माड्यांच्या खिडक्या बंद होतात. बँकेचा मॅनेजरसुद्धा फायली घेऊन खाली येतो आणि शिपायाच्या खुर्चीवर बसतो. शंभरेक वर्षांपूर्वी गावात विजेच्या तारा आल्या, तेव्हा पेच पडला. तारा उचलायला वर माणूस हवा, आणि वर माणूस चालत नाही. आमच्या पूर्वजांनी तीन बैठका घेऊन तोडगा काढला. माणूस वर बसेल, पण तो वर आहे असं कोणी मानणार नाही. त्याचं नाव यादीत येणार नाही. त्याच्या नावाने पेला उचलला जाणार नाही. फोटो काढताना त्याने छताच्या पलीकडच्या उतारावर आडवं व्हायचं. आमच्या गावात नियम मोडत नाहीत. नियमाच्या आड माणूस आला, तर माणसालाच नाहीसं करतात. तेही वाकून नमस्कार करून.

हेइकिची मिनोवा एकेचाळीस वर्षं तिथे नव्हते.

बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस ते असतात. मासळीबाजाराच्या वाटेवर त्यांचं गळ, दोरी आणि शिसाच्या वजनांचं दुकान आहे. वय एकोणसत्तर. अंगाने सुकवलेल्या बोंबलासारखे, आणि धंद्याला तितकेच बिनउपयोगी. गिऱ्हाईक जिवंत किडे घ्यायला आलं की हे आधी आभाळाकडे बघतात आणि म्हणतात, "आज नका घेऊ. आज मासा लागायचा नाही." गल्ल्यावर बसलेल्या फुमिएकाकू, म्हणजे त्यांची बायको, तिथूनच म्हणतात, "ऐकलंत ना? आमच्याकडे सल्ला फुकट असतो. म्हणूनच छपराला पत्रा आहे, कौलं नाहीत."

तारांना त्यांनी नावं दिली होती. सार्वजनिक न्हाणीघरासमोरची जुनी जाड तार म्हणजे 'म्हातारी'. मासळीबाजाराच्या कोपऱ्यावरची 'दुपारची', कारण ऊन चढलं की ती चार बोटं खाली यायची. मी बंदरावरच्या क्रेनची वीज बघते. तापलेला धातू वाढतो हे मी पुस्तकात वाचून परीक्षेत लिहून आले होते. मिनोवाकाकांना ते मानेने माहीत होतं.

"तार माशासारखी असते," ते म्हणायचे. "ओढली की बिथरते. आधी तिला कळू द्यायचं, की आपण आलोय."

पूर्वी वर दोघं असायचे. जोडीदाराचे गुडघे गेले, तो सहा वर्षांपूर्वी मुलीकडे राहायला गेला. त्याच्या जागी कोणी आलं नाही, कारण जो नसतो त्याची जागा रिकामी कशी होणार? जेवणाचे डबे मात्र दोन येत राहिले. धक्क्यावर पोचल्यावर सगळ्यांना इसोगाईबाईंच्या दुकानातून डबे येतात, प्रत्येकावर कागदाची पट्टी: ढोल – चार, दोर – सत्तर, पहारी – आठ. छतावरच्या माणसांना डबा द्यायचा तर पट्टीवर लिहायचं काय? कोणीतरी कधीतरी 'तारा – दोन' असं लिहिलं, आणि तेच चालू राहिलं. भात, भाजलेला बांगडा, अंड्याची गोडसर वडी, मुळ्याच्या लोणच्याच्या पिवळ्या चकत्या. तारांना भूक लागते यावर गावात कोणी शंका घेतली नाही. सहा वर्षं काका दोन्ही डबे खात होते.

तर मग गेल्या वर्षी तारा जमिनीखाली गेल्या.

नऊ वर्षं रस्ता खोदला जात होता. शेवटच्या दिवशी महापौरांनी रिबीन कापली आणि 'मोकळं आभाळ' या विषयावर पंचवीस मिनिटं भाषण केलं. त्यानंतर आभाळ खरोखरच मोकळं झालं. फक्त तारांबरोबर खांबांवरचे ट्रान्सफॉर्मरही उतरले, आणि ते मावतील अशा हिरव्या पत्र्याच्या पेट्या पदपथावर येऊन बसल्या, कपाटाएवढ्या. म्हणजे हवेत लोंबणारी अडचण खाली आणून तिला पाय दिले. पण पेट्यांवर माशांची चित्रं रंगवली आहेत, त्यामुळे तक्रार करणं वाईट दिसतं.

फेब्रुवारीत रथ जतन मंडळाची बैठक झाली. मंडळाचे अध्यक्ष मासात्सुगु ओगासा. शाळेचे निवृत्त उपमुख्याध्यापक. मुख्याध्यापक होता होता राहिले, ती सगळी कसर मंडळावर काढतात. त्यांच्याकडे पारदर्शक खिशांची एक निळी फाइल असते, आणि त्या फाइलमध्ये नाही ते जगात नाही.

"मंडळींनो," ओगासा सर म्हणाले, "आपल्या रथाची मूळ कळसकाठी गोदामात सापडली आहे. सोनेरी शिंपल्यांची, तीन मीटर उंच. तारा आल्या तेव्हा आपल्या आजोबांनी ती उतरवली. आता तारा नाहीत. यंदा रथ पुन्हा पूर्ण उंचीने निघेल. साडेआठ मीटर!"

टाळ्या झाल्या. तांदूळवाल्यांच्या मोहल्ल्याचा रथ यंदा आठ मीटरचा निघणार आहे, हे कोणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

"तेव्हा ओघानेच," सरांनी पान उलटलं, "मिनोवा-सान, तुमची छतावरची जबाबदारी संपते."

कोपऱ्यात, रॉकेलच्या शेगडीजवळ बसलेल्या मिनोवाकाकांनी वर पाहिलं. "कुठली जबाबदारी?"

"छतावरची."

"छतावर कोण असतं, सर?"

सरांनी घसा खाकरला. सगळ्या बैठकीने चहाच्या पेल्यांमध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली.

"कोणी नसतं," सर शेवटी म्हणाले.

"मग उतरवताय कोणाला?"

हा प्रश्न नियमात बसत होता, हीच पंचाईत होती. पहारीवाल्यांचा म्होरक्या शिगेनो हसायला लागला आणि मग सरांकडे बघून त्याने हसण्याचा खोकला केला. पहारीवाले म्हणजे आठ धिप्पाड गडी. लाकडी पहारी चाकाखाली घालून ते रथ उचलून उचलून वळवतात. शिगेनो त्यांचा नायक, आणि आपल्या तळहातांना रस्ता कळतो असं तो साके प्यायल्यावर सांगतो. न प्यायल्यावरही सांगतो.

पण सर उगाच उपमुख्याध्यापक झाले नव्हते. पुढच्या बैठकीत त्यांनी ठराव आणला: हेइकिची मिनोवा यांना 'मानद सल्लागार' नेमण्यात येत आहे. काळा मानाचा अंगरखा, छातीवर पांढरं फूल, यादीत चौसष्टावा क्रमांक, फोटोत दुसरी रांग. रथामागून चालायचं. काम काही नाही.

"अभिनंदन, काका!" शिगेनोने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "यंदा फोटोत याल. एकेचाळीस वर्षांनी गावाला कळेल की तुम्हाला तोंडही आहे."

"गावाने एवढी वर्षं माझे तळपाय पाहिलेत," काका म्हणाले. "तोंड बघून हिरमोड व्हायचा."

फुमिएकाकूंनी फोटोसाठी भिंतीवरची जागा मोकळी केली. तिथे मासेमारी संघाचं कॅलेंडर होतं. "एकेचाळीस वर्षं जत्रेचा फोटो येतो," त्या मला म्हणाल्या, "आणि पाहुण्यांना मी छपराकडे बोट दाखवून सांगते, यामागे आमचे हे झोपलेत. लोक काय म्हणत असतील?"

एप्रिलमध्ये मंडळाने मला लेझरचं मापयंत्र घेऊन रस्त्याची उंची मोजायला सांगितलं. काका दुकान काकूंवर सोपवून बरोबर आले. मी खालून वर लाल ठिपका टाकत होते, आकडे लिहीत होते. सगळीकडे आभाळ. दहा मीटर, बारा मीटर, अडथळा नाही.

मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर दंतवैद्य कुराहाशींच्या घराचा सज्जा रस्त्यावर झुकला आहे. तिथे रथ उजवीकडे वळतो. काका तिथे थांबले.

"उंची मोजलीस. झुकाव?"

"झुकाव मोजायला कुणी सांगितलं नाही."

"बरोबर. मलाही कधी कुणी सांगितलं नव्हतं." त्यांनी पायाने रस्ता चाचपला. "मागचं डावं चाक बोटभर लहान आहे. पुरात कुजलं होतं, नवं केलं, तेव्हा लाकूड कमी पडलं. रथ डावीकडे कलतो. आणि इथे रस्ताही डावीकडेच उतरतो, पावसाचं पाणी जायला. मी इथे उजव्या उतारावर सरकतो. आणि पाय आपटतो."

"पाय?"

"एकदा आपटला की डावीकडे घ्या. दोनदा, उजवीकडे. लागोपाठ आपटला की थांबा. पहारीवाल्यांना पुढचं दिसत नाही ना, ते चाकाकडे वाकलेले. त्यांना वाटतं ढोल वाजतोय."

"आणि देव? डोक्यावर पाय आपटलेले देवाला चालतात?"

"एबिसु बहिरा आहे," काका म्हणाले. हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. म्हणून तर देवळाच्या मागच्या फळीवर ठोकून आम्ही नवस बोलतो. "जत्रेच्या सकाळी मी मागच्या फळीवर तीनदा ठोकतो. म्हणतो, आज उंच बसतोय, रागावू नका. आजवर काही बोलला नाही."

मी तिथेच वहीवर आकडेमोड केली. चाकामुळे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त कल, रस्त्यामुळे एकाहून थोडा जास्त. साडेपाच मीटरच्या छताला त्याने फारसं बिघडत नाही. साडेआठ मीटरच्या टोकाला मात्र वीतभर डावीकडे जायला होतं. आणि सज्जा रथाच्या वाटेपासून वीतभरच दूर होता.

मी ते रीतसर लिहून ओगासा सरांना दिलं. सरांनी निळी फाइल उघडली. "नोंदीप्रमाणे," ते म्हणाले, "रथाची चारही चाकं समान आहेत." आणि फाइल मिटली. मलाही मग वाटलं, वीतभर म्हणजे काय, होईल काहीतरी. मोजणाऱ्याने एवढं बोलून गप्प बसणं म्हणजे न मोजण्यासारखंच. पण मी गप्प बसले.

त्या दिवशी मोजणीहून परतताना काका दुकानाच्या दाराशी म्हणाले, "मला अंगरखा नको. मला कोणी विचारलं नाही, म्हणून तुला सांगतो. मला वर बसायचंय. गुडघे चालतायत तोवर."

"का पण, काका? तारा तर गेल्या."

"शेवटचं वळण घेतलं ना, की वरून समुद्र आधी दिसतो. खालच्यांना दिसायला रथ पुढे जावा लागतो. मी मोजलंय. अकरा आकडे. एक, दोन करत अकरा मोजेपर्यंत अख्खा समुद्र माझा एकट्याचा असतो." एवढं बोलून त्यांना लाज वाटली असावी, कारण लगेच म्हणाले, "आणि खाली चाललो की लोक किड्यांचा भाव विचारतात."

जत्रेच्या दिवशी, मे महिन्यात, रथ निघाला. कळसकाठी खरंच देखणी होती. सोनेरी शिंपले उन्हात लखलखत होते, आणि तांदूळवाल्यांचे लोक आमच्याकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होते. नाकापेक्षा मोती जड झाला की नाक थोडं वाकतं, तसा रथ डावीकडे वाकला होता; पण सगळे मोत्याकडे बघत होते.

मिनोवाकाका रथामागून चालत होते. काळा अंगरखा, छातीवर फूल. सकाळी त्यांनी मागच्या फळीवर तीनदा ठोकलं तेव्हा फुमिएकाकू म्हणाल्या, "अहो, आता कशाला? आज तर तुम्ही देवाच्या खालीच आहात." "तेच सांगत होतो त्याला," काका म्हणाले. ऊन चांगलंच होतं आणि काकांच्या कपाळावरून घाम निथळत होता. काकूंनी दोनदा त्यांच्या अंगरख्याच्या गळ्याकडे संशयाने पाहिलं.

साडेदहाला मासळीबाजाराचा कोपरा आला.

आधी हिरवी पेटी आडवी आली. जिथे चार पहारीवाले पाय रोवून उभे राहायचे, तिथे आता पत्र्यावरचे मासे पोहत होते. त्यामुळे दोघंच मावले. शिगेनोने पहार घातली, दाबली. रथ वळायला लागला. आणि तो वळतच राहिला.

"कुठे घ्यायचाय?" एक पहारीवाला ओरडला.

"ढोलाकडे लक्ष द्या!" शिगेनो.

"ढोल बरोबर चाललाय!" ढोलवाला रथातून कळवळला. "सकाळपासून तोच ठेका आहे!"

"मग आज कळत का नाहीये?" शिगेनो सरळ उभा राहिला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या तळहातांकडे संशयाने पाहिलं. "वरून... वरून काही येत नाहीये."

"वर कोण असतं?" ओगासा सर पुढे येत म्हणाले.

"कोणी नसतं, सर."

"मग?"

"तेच सांगतोय ना. जे कोणी नसतं, ते आज नाहीये!"

हे वाक्य संपता संपता कडकड आवाज झाला. कळसकाठी दंतवैद्याच्या सज्ज्यात घुसली. दोन कौलं खाली आली, एक सोनेरी शिंपला वर राहिला. रथ डावीकडे टेकला आणि थांबला. मागे तांदूळवाल्यांचा रथ येऊन उभा राहिला. त्यांच्या लोकांनी नुसते पंखे काढले आणि वारा घेत बसले. माणसाने असा वारा घेऊ नये.

दंतवैद्य कुराहाशी दारात आले. माडीची खिडकी बंद असल्यामुळे त्यांना वरून बघता येत नव्हतं, म्हणून ते मान वाकडी करून खालूनच बघत राहिले. "दुखतंय का?" त्यांनी सवयीने विचारलं. कोणाला, ते कळलं नाही.

पुढे जावं तर सज्जा पडेल, मागे यावं तर कळसकाठी मोडेल. कोणीतरी वर जाऊन काठीच्या दोऱ्या सोडायला हव्यात, ती आडवी करायला हवी. सगळ्यांच्या माना हळूहळू मागे वळल्या. काळ्या अंगरख्याकडे.

"मी जातो," मिनोवाकाका म्हणाले.

"थांबा!" ओगासा सरांनी हात वर केला. "तुम्हाला जाता येणार नाही. तुम्ही यादीत आहात. यादीतला माणूस देवाच्या वर कसा बसेल?"

सत्तर माणसं, दोन दोर, चार टन, एक सज्जा आणि मागे पंख्यांचा वारा. आणि सर म्हणत होते ते नियमात अगदी बरोबर होतं.

"मग नाव काढा, सर," काका शांतपणे म्हणाले.

"असं रस्त्यात? दुरुस्तीला पद्धत असते."

"मग पद्धतीने काढा."

सरांनी निळी फाइल उघडली. खरं सांगायचं तर त्यांच्या चेहऱ्यावर थोडं समाधान होतं; आता हे प्रकरण त्यांच्या प्रांतात आलं होतं. हिरव्या पेटीवर त्यांनी यादी पसरली. लाल पेन काढलं. पट्टीही होती. चौसष्टाव्या क्रमांकावरून त्यांनी दोन समांतर रेघा मारल्या, एक वर, एक खाली, नाव वाचता येईल अशा. मग खिशातून आपला शिक्का काढला, शाईच्या डबीत टेकवला, फुंकर मारली आणि रेघांवर उमटवला. त्यावर तारीख घातली. वेळही घातली.

"दहा छप्पन्न," ते म्हणाले. "आता तुम्ही नाही आहात."

"आभारी आहे," काका वाकून म्हणाले.

त्यांनी छातीवरचं फूल काढून काकूंच्या हातात दिलं. मग अंगरखा उतरवला. आत निळं जुनं सुती जाकीट, तंग तुमान, कमरेला दोरी. छतावरचा पूर्ण वेष. बाहीतून त्यांनी गवती चपलांचा जोडसुद्धा काढला.

"वाटलंच मला!" फुमिएकाकू म्हणाल्या. "सकाळपासून इस्त्रीच्या दुकानासारखे तापलाय. आता पडा वरून, म्हणजे फोटो हारासकट लावते."

"तू डोळे मिटून घे," काका म्हणाले आणि चढले. एकोणसत्तर वर्षांचा माणूस कसा चढतो ते मी सांगणार नाही. कारण नियमाप्रमाणे आम्ही सगळ्यांनी तेव्हा दुसरीकडे पाहिलं. तांदूळवाल्यांनीही दुसरीकडेच पाहिलं. एवढा धर्म ते पाळतात.

वर थोडी खुडबुड झाली. कळसकाठी हलली, सुटली आणि छताच्या कण्यावर मोठ्या माशासारखी आडवी झाली. तिला त्यांनी गळाच्या गाठीने बांधलं. ती गाठ नंतर सोडवायला मंडळाला दोन दिवस लागले. मग उजव्या उताराकडे कोणीतरी सरकल्याचा आवाज आला. रथ वीतभर सरळ झाला. आणि धप्प, धप्प.

"उजवीकडे!" शिगेनो ओरडला. त्याचा चेहरा उजळला. "बघा, तळहातांना कळतं की नाही!"

रथ वळला. साडेआठ मीटर निघालेला रथ साडेपाच मीटर होऊन बंदराकडे गेला. शेवटच्या वळणावर मी दोर ओढता ओढता मनात मोजलं. दहापर्यंत आले आणि माझ्या समोर समुद्र आला. अकरा हा छतावरचा हिशोब होता, दोर ओढणाऱ्यांचा नव्हे. माझ्या मोजण्यात एकाचा फरक पडला. वर काय झालं ते मला माहीत नाही. वर कोणी नव्हतं.

धक्क्यावर फोटो निघाला. दुसऱ्या रांगेत चौसष्टाव्या माणसासाठी ठेवलेली मोकळी जागा तशीच दिसते, दात पडल्यासारखी. दंतवैद्याने ती बघितली की नाही ठाऊक नाही. मंडळाच्या अहवालात सरांनी लिहिलं: 'मासळीबाजाराजवळ जोराच्या वाऱ्यामुळे कळसकाठी तात्पुरती उतरवण्यात आली.' त्या दिवशी वारा फक्त तांदूळवाल्यांच्या पंख्यांचा होता, पण तोही वाराच; खोटं लिहिलं असं म्हणता येणार नाही.

मग डबे आले. ढोल – चार. दोर – सत्तर. पहारी – आठ. सल्लागार – एक, हा डबा तसाच परत टोपलीत गेला, कारण सल्लागार दहा छप्पन्नला संपले होते. काका रथाच्या सावलीत चाकाला टेकून बसले होते, त्याच बोटभर लहान चाकाला. जो यादीत नाही त्याला डबा नाही, आणि तारा तर आता जेवत नव्हत्या. मी माझ्यातला अर्धा बांगडा त्यांना द्यायला निघाले, एवढ्यात टोपलीच्या तळातून वाटणाऱ्या मुलीने शेवटचा डबा काढला आणि पट्टी वाचली.

"तारा – एक?"

काकांनी डबा घेतला. उघडला नाही. पट्टीकडेच बघत राहिले. नेहमीची 'दोन' नव्हती. जुनी यादी डोळे मिटून उतरवून काढणाऱ्याने 'दोन' लिहिलं असतं. इथे कोणीतरी विचार करून, मोजून 'एक' लिहिलं होतं. आणि डबे आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगावे लागतात. आदल्या दिवशी दुपारी काका सल्लागार होते, काठी उभी होती आणि आभाळ मोकळं होतं.

त्यांनी डबा खाल्ला. भाताचा एक कणही ठेवला नाही. पट्टी मात्र काढून कमरेला खोचली.

आता ती पट्टी दुकानात, गळांच्या काचेखाली आहे. काका रोज कोणाला तरी विचारतात. ओगासा सरांना विचारलं. ते म्हणाले, "तारा हा विभाग फेब्रुवारीत रद्द झालेला आहे," आणि वर सांगितलं की पुढच्या वर्षी काठी उभी करायची की नाही यावर अजून चर्चा चालू आहे, तेव्हा छतावर कोणी नसण्याची गरज पडेल की नाही, हे सांगता येत नाही. शिगेनोला विचारलं; तो म्हणाला, "मी कशाला सांगू? मला तर तळहातांनी कळतं." फुमिएकाकूंना विचारलं, त्यांनी मोकळ्या भिंतीवर पुन्हा कॅलेंडर टांगत सांगितलं, "मी सांगितला असता तर तुम्हाला अंड्याची वडी मिळाली नसती. कोलेस्टेरॉल बघा तुमचं." इसोगाईबाई म्हणाल्या की दाराच्या फटीतून चिठ्ठी आली होती, बाकी चिठ्ठ्यांबरोबर, त्यांनी वाचली आणि भात शिजवला.

एकेचाळीस वर्षं सगळ्या गावाने त्यांना न बघण्याचा नियम पाळला, आणि तो कोणी मोडतंय असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. परवा मी शिसाची वजनं घ्यायला गेले, तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे आधी आभाळाकडे पाहिलं, मासा लागणार नाही असं सांगितलं, आणि मग काचेवर बोट ठेवून मला विचारलं:

"तारा तर जमिनीखाली गेल्या. मी तर यादीत होतो. मग मी वर असणार, हे माझ्याआधी कोणाला ठाऊक होतं?"